एक्स(३८७२): दोन मेसॉनांची सैल जोडी की आत क्वार्कांचा घट्ट गाभाही?

फोंडेकर:
जपानमधील बेले प्रयोगात २००३ साली सापडलेल्या एक्स(३८७२) या कणाच्या अंतर्रचनेवरून फोंड्यातील आमच्या शनिवारच्या बैठकीत बरीच वादावादी झाली, म्हणून विषय येथे मांडतो. माझ्या मते हा कण म्हणजे निष्प्रभार डी-मेसॉन आणि प्रति-डी-स्टार मेसॉन यांची सैल जोडी आहे (मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांचा कण; या दोहोंपैकी एकात चार्म हा जड क्वार्क, तर दुसऱ्यात त्याचा प्रतिक्वार्क असतो). या दोघांच्या वस्तुमानांची बेरीज आणि एक्सचे वस्तुमान यांत जेमतेम ०.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा (कणांचे वस्तुमान व ऊर्जा मोजण्याचे एकक) फरक दिसतो, आणि तोही मोजमापाच्या त्रुटीत मावणारा आहे; एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचा ड्यूटेरॉन फोडायला मात्र २.२ लागतात. बंधन इतके क्षीण असेल तर घटकांमधील अंतर १० फेम्टोमीटरच्या घरात जाते, म्हणजे प्रोटॉनच्या त्रिज्येच्या दसपटीहून अधिक. रायबंदरच्या धक्क्यावर दोन होड्या लांब दोरीने बांधाव्यात, तसे हे आहे.

म्हापसेकर:
दोरी लांब आहे हे मान्य, पण एवढी नाजूक जोडी एलएचसी या सर्नमधील महाकाय कणत्वरकातील प्रोटॉनांच्या टकरीत, आडव्या दिशेने मोठा संवेग घेऊन, थेट जन्माला कशी येते? शिवाय एक्सने फोटॉन उत्सर्जित करून त्याचा साय(२एस) होण्याचे प्रमाण जे/साय होण्याच्या सुमारे १.६७ पट असल्याचे एलएचसीवरील एलएचसीबी प्रयोगाने २०२४ मध्ये दाखवले; हे दोन्ही चार्म-प्रतिचार्मचे मेसॉन आहेत. निव्वळ सैल जोडी गृहीत धरणाऱ्या बहुतेक गणितांत हे गुणोत्तर एकाहून बरेच कमी येते. तेव्हा आत चार्म-प्रतिचार्मचा घट्ट गाभा असलाच पाहिजे.

फोंडेकर:
त्याच गुणोत्तराला चीनमधील बेस-३ प्रयोगाने २०२० मध्ये ०.५९ ही वरची मर्यादा घातली होती, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. एलएचसीबीलाच २०२१ मध्ये सापडलेला टीसीसी हा कण पाहा. त्यात दोन चार्म क्वार्क आहेत, प्रतिचार्म एकही नाही, त्यामुळे आपला गाभा तेथे संभवतच नाही; तरीही तो डी आणि डी-स्टार यांच्या उंबरठ्याच्या, म्हणजे त्यांच्या वस्तुमानांच्या बेरजेच्या, केवळ ०.३६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट खाली आहे.

म्हापसेकर:
टीसीसी मी आपल्याला देऊन टाकतो. एक्सची गोष्ट निराळी आहे: त्याची फिरत (स्पिन) १ आणि समता (आरशातील प्रतिमेप्रमाणे दिशा उलटल्यावरचे चिन्ह) धन असल्याचे २०१३ मध्ये निश्चित झाले, आणि नेमकी तीच लक्षणे असलेली चार्म-प्रतिचार्मची एक साधी अवस्था क्वार्क-प्रतिमानानुसार वस्तुमानाने त्याच्या फार दूर नाही. लक्षणे सारखी आणि वस्तुमान जवळ, मग त्या दोघांचे मिश्रण कोण रोखणार? गाभा किती टक्के, याविषयी वाद घाला; तो शून्य आहे, हे मात्र मला पटणार नाही.