ईएसपी३२ ला १२ व्होल्ट बॅटरीवरून सप्लाय: रेग्युलेटर तापतो, बोर्ड रिसेट होतो

ठिबक_निफाड:
नमस्कार मंडळी. द्राक्षबागेत ठिबकचे दोन १२ व्होल्ट डीसी सोलेनॉइड व्हॉल्व्ह रिलेमार्फत ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) वरून चालवतोय. १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी, सोलर चार्जर. बॅटरी थेट बोर्डाच्या व्हीआयएन (सप्लाय आत घेणाऱ्या) पिनला जोडली आहे. दहा मिनिटांत बोर्डावरच्या रेग्युलेटरवर बोट ठेववत नाही. वायफाय जोडताना 'ब्राउनआउट' (व्होल्टेज कमी पडल्याचा एरर) येतं आणि व्हॉल्व्ह बंद केला की बोर्ड रिसेट होतो. कारण एकच का?

तांब्याची_तार:
नाही, दोन आहेत. बॅटरी आधी काढा.

बहुतेक डेव्हकिट बोर्डांवर एएमएस१११७ असतो. हा लिनियर रेग्युलेटर उरलेला व्होल्टेज उष्णता करून टाकतो. चार्जिंगच्या वेळी बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते. १४.४ वजा बोर्डाला लागणारे ३.३ म्हणजे ११.१, करंट सरासरी १५० मिलिअँप धरला तरी दीड वॉटच्या वर उष्णता. नखाएवढ्या चिपला ती झेपत नाही. त्यात त्याची कमाल मर्यादा १५ व्होल्ट. वायफाय सुरू होताना करंट एकदम चढतो, तापलेला रेग्युलेटर तेवढा देत नाही, ३.३ ची लाइन बसते. हे झालं ब्राउनआउट.

एलएम२५९६ चं बक मॉड्यूल (फार न तापता व्होल्टेज उतरवणारं) घ्या, ४० व्होल्टपर्यंत इनपुट चालतं. बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटर लावून आउटपुट ५.० करा. नवं मॉड्यूल बरेचदा जास्त व्होल्टेजवर असतं आणि निळ्या पॉटचा (आउटपुट कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरचा) पितळी स्क्रू पाच-दहा फेरे फिरवला तरी आकडा हलत नाही. मॉड्यूल खराब नसतं, फिरवत राहा. मग ५ व्होल्ट बोर्डाच्या व्हीआयएनला द्या, ३.३ च्या पिनला चुकूनही नको. आउटपुटला १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर बोर्डाजवळ लावा.

गंगापूररोड_सोल्डर:
व्हॉल्व्ह बंद होताना रिसेट होतो तो कॉइलच्या उलट्या झटक्यामुळे. प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड लावा, पट्टीचं टोक प्लसकडे. उलटा लागला तर थेट शॉर्ट. डायोड व्हॉल्व्हपाशीच हवा. पेटीत लावला तर लांब वायर मधे राहते आणि तिचा त्रास उरतोच.

व्हॉल्व्हचा मायनस बोर्डाच्या ग्राउंडमधून फिरवू नका, वेगळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला न्या. रिलेच्या कॉइलला प्रत्येकी ७०-८० मिलिअँप लागतात, तेही बकच्या ५ व्होल्टवरून घ्या.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. बकच्या फाट्याला १ अँप पुरतो, व्हॉल्व्हचा फाटा वेगळ्या फ्यूजवर. शॉर्ट झाल्यावर ७ एएच बॅटरी वायर सहज पेटवते.

ठिबक_निफाड:
उलटी पोलॅरिटी टाळायला १एन५८२२ डायोड बकनंतर लावू का?

तांब्याची_तार:
बकच्या आधी लावा. नंतर लावला तर ५ मधले ०.३-०.४ व्होल्ट तिथेच जातात. आधी लावला तर बक ते सांभाळून घेतो.

आणि प्रोग्राम टाकताना बक तोडून फक्त यूएसबी ठेवा. काही स्वस्त बोर्डांवर यूएसबी आणि व्हीआयएनच्या मधला डायोडच नसतो, मग करंट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये उलटा शिरतो.

ठिबक_निफाड:
समजलं. बॅटरीचा व्होल्टेजही वाचायचा आहे.

गंगापूररोड_सोल्डर:
प्लसकडून १०० किलोओहम, ग्राउंडकडे २२ किलोओहम, मधला बिंदू बोर्डाच्या जीपीआयओ ३४ या इनपुट पिनला. १४.४ ला तिथे साधारण २.६ व्होल्ट येतात. २२ च्या समांतर ०.१ मायक्रोफॅरड टाका, आकडा नाचत नाही. ग्राउंडकडच्या रेझिस्टरचं सोल्डरिंग नीट तपासा, तो सुटला की पिनवर पूर्ण बॅटरी येते. पेटी मात्र पत्र्याची नको. एप्रिल-मेच्या उन्हात आतलं सगळंच भाजतं. वेलीच्या सावलीत, जमिनीपासून वर बांधा.