मदत हवी आहे: हेक्सेनऐवजी हेप्टेन वापरलंय का कुणी?

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळतो. मुलं भिरंडीच्या (कोकमाच्या) बियांतलं तेल सॉक्सलेटवर (द्रावक पुन्हापुन्हा फिरवून तेल काढायचं काचेचं उपकरण) एन-हेक्सेन या द्रावकाने काढतात. ते 69 अंशांना उकळतं, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) उणे 22, वाफ हवेच्या तिप्पट जड, म्हणून जवळपास ज्योत पेटवूच देत नाही. पण खरी काळजी मज्जातंतूंची. शरीरात हेक्सेनचं 2,5-हेक्सेनडायोन हे मज्जातंतूंना घातक रसायन होतं; वाफ सतत श्वासात गेली तर हातपाय बधिर होतात. हेप्टेन त्या बाबतीत बरंच सौम्य, पण उकळतं 98 अंशांना, आणि पेट घेतं तेही. तेल तेवढंच मिळतं का? तेलात उरलेला हेप्टेनचा शेवटचा अंश रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवायचं यंत्र) नीट निघतो का? फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट) एकच आहे आणि पावसात खिडक्या बंद असतात, त्यामुळे जूनआधी ठरवायचंय. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.