जुन्या पीसीला साटा, एनव्हीएमई की यूएसबी?

खटपट्या:
मंडळी जरा मदत हवीये. घरी असेंबल केलेला पीसी आहे, आय थ्री चौथी जनरेशन, एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. चालू केला की चहा करून पिऊन होतो तरी विंडोजचं चक्र फिरतंच. म्हणून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवाली डिस्क, टाकायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो एनव्हीएमई घ्या, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी नवी जात, केबलने जोडायच्या जुन्या साटाच्या सहापट फास्ट. भाचा म्हणतो उघडाउघडी नको, बाहेरून यूएसबीला लावा. फोटो, थोडं टॅली आणि मुलीचं कॉलेजचं काम एवढंच, गेम वगैरे नाही. काय घेऊ?

पेचकस:
दुकानदाराने बोर्ड कुठला ते विचारलं तरी का? एच८१ वर बहुतेक वेळा एम डॉट टू स्लॉटच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) नसतो, लावणार कुठे? पीसीआयई स्लॉटमध्ये (ग्राफिक्स कार्ड वगैरे लावायची खाच) कार्ड टाकून बसतं पण त्या काळच्या बायोसला (पीसी चालू करताच पहिला चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) बहुधा त्यावरून बूट, म्हणजे विंडोज सुरू, करता येत नाही, मग बायोसशी खेळत बसा, घरच्या मशीनला ही उठाठेव सांगितलीये कुणी. अडीच इंची साटा एसएसडी घ्या. आणि हो, एच८१ ला साटाचे पोर्ट चार, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, बाकीचे ३ चे. एसएसडी ६ वाल्यावरच लावायची, बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

रिकामटेकडा_इंजिनियर:
+१. सहापट कागदावर बरोबर आहे हो, साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकतं आणि पीसीआयई ३ वालं एनव्हीएमई ३५०० पर्यंत जातं, पण ते मोठ्या फाइली इकडून तिकडे करताना. तुमचा त्रास वेगळा आहे. हार्ड डिस्कला दर वेळी हेड हलवून जागा शोधायला १०-१५ मिलिसेकंद लागतात आणि विंडोज उठताना हजारो बारक्या फाइली मागतं, म्हणून रखडतं. कुठलीही एसएसडी टाकली की ते संपलं, टॅलीला साटा आणि एनव्हीएमईमधला फरक कळणारसुद्धा नाही.

माळ्यावरची_मांजर:
भाच्याचं ऐकू नका 😀 विंडोजचा सेटअप यूएसबी ड्राइव्हवर इन्स्टॉल व्हायलाच नकार देतो. पण बॅकअपला एक्स्टर्नल घ्याच, निळ्या (यूएसबी ३) पोर्टला लावा, यूएसबी २ वर ३५-४० एमबीनेच सरकतं. फोटो एकाच डिस्कवर ठेवून झोप कशी लागते लोकांना?
अवांतर: पुढे नवीन बोर्ड घेतलात तर एम डॉट टू हा फक्त आकार आहे हे ध्यानात ठेवा, त्यात साटावाल्या पण मिळतात, दिसायला जवळजवळ सारख्याच.

खटपट्या:
धन्यवाद मंडळी, साटाच घेतो. पण आत बघितलं तर पॉवरचे कनेक्टर दोनच, एक हार्ड डिस्कला आणि एक डीव्हीडी रायटरला.

पेचकस:
रायटरचाच काढा, डेटा केबल पण तीच चालेल, फक्त बोर्डाकडचं टोक ६ वाल्या पोर्टवर हलवा. आणि विंडोज टाकायच्या आधी बायोसमध्ये एएचसीआय मोड (साटा डिस्कशी बोलायची पद्धत) आहे ना ते बघून घ्या, नंतर बदललं की बूट होताना रुसतं.