ट्रॉलीच्या हायड्रॉलिक जॅकचे सील बदलूनही गळती थांबत नाही; मदत हवी आहे

आमच्या ट्रॅक्टरच्या डंपिंग ट्रॉलीच्या जॅकचे सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेल्या उन्हाळ्यापासून दोनदा बदलले, तरी भरलेली ट्रॉली उचलताच जॅकमधून बाहेर येणाऱ्या रॉडवरून (दांड्यावरून) तेलाचा ओघळ येतो. सीलचा ओठ (रॉडला घासून बसणारी पातळ कड) तेलाच्या दाबाच्या बाजूलाच ठेवला होता आणि बसवण्यापूर्वी त्याला तेलही लावले होते. पण काढलेल्या सीलच्या ओठावर एकाच जागी चीर दिसली, आणि रॉडवरून नख फिरवले असता क्रोम उडालेल्या, तांदळाच्या कणीएवढ्या खड्ड्यात ते अडकते. धूळ अडवणारे वायपर सील मिस्त्रींनी जुनेच ठेवले, हे मला तेव्हाच खटकले होते. अशा स्थितीत रॉड घासून पुन्हा हार्ड क्रोम (क्रोमचा कठीण मुलामा) करून घ्यावा की नवाच टाकावा, आणि नायट्राइल रबराऐवजी पॉलियुरेथेनचे सील त्याच खाचेत बसवता येईल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.