व्हिडिओत वाचून दाखवल्याने लेख दुसऱ्याचा होत नाही : आपापले अनुभव सांगा

आवाहन, दर्यापूर तालुका

खारपाणपट्ट्यातल्या पाण्याविषयी मी एक लेख लिहिला होता. त्यात आमच्या घरच्या पाणी साठवायच्या तांब्याच्या गुंडाचा उल्लेख होता. त्याच्या बुडाशी क्षारांचा पांढरा थर बसायचा आणि आई तो चिंचेच्या कोळाने घासून काढायची. गेल्या उन्हाळ्यात भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात कोणी अनोळखी माणूस कुठल्या तरी विहिरींची चित्रे दाखवत "माझी आई चिंचेच्या कोळाने गुंड घासायची" असे सांगत होता. सगळा लेख शब्दशः माझा होता. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्याची माहिती कोणीही सांगावी, ती माझ्या मालकीची नाही. पण माझ्या आईची आठवण दुसऱ्याच्या तोंडून त्याची म्हणून ऐकताना जे वाटले, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्यानंतर मी कॉपीराइट कायदा, १९५७ वाचला. लेखनाचे ध्वनिमुद्रण करणे, त्यावर चित्रफीत तयार करणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे हे हक्क कलम १४ प्रमाणे मूळ लेखकाकडे असतात, आणि ते मिळण्यासाठी लेखाची नोंदणी करावी लागत नाही, हे मला तेव्हा कळले. आपल्या भागात अनेक जण शेती, बोली, देवदैवते आणि जुन्या आठवणींवर लिहितात. ज्यांचे लेखन असे व्हिडिओत गेले, त्यांनी ते कसे ओळखले, कोणता पुरावा कामी आला आणि पुढे काय झाले, हे सविस्तर सांगावे.

वरुड तालुका, संत्रा बागायतदार

माझ्या बाबतीत नुकसान माझ्यापुरते राहिले नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. संत्र्याच्या डिंक्या रोगावर मी लेख लिहिला होता. त्यात बोर्डोचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाचे, दोन प्रकार वेगवेगळ्या परिच्छेदांत दिले होते. फवारणीच्या एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागते. खोडाला लावायच्या पेस्टसाठी मोरचूद आणि चुना तेवढाच, पण पाणी फक्त १० लिटर. व्हिडिओ करणाऱ्याने दोन्ही परिच्छेद जोडून टाकले आणि पेस्टसाठी १०० लिटर पाणी सांगितले. आवाज संगणकाचा होता. मी लेखात जिथे "कि.ग्रॅ." असे लिहिले होते, तिथे तो "की ग्रॅ" असे वाचत होता, आणि त्यावरूनच समोर माझा लेख ठेवून हे केले आहे अशी माझी खात्री पटली.

शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याने ते पातळ पाणी दीडशे झाडांच्या खोडांना लावले. पहिल्याच पावसात ते धुऊन गेले. लेखातली वाक्ये त्याच्या ओळखीची होती, म्हणून तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "भाऊ, तुम्हीच लिहिलं होतं न असं?" मी त्याला मूळ लेख दाखवला, दोघे मिळून पुन्हा पेस्ट कालवली आणि त्याच्या बागेत जाऊन लावली. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी यूट्यूबचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भरला. त्यात मूळ लेखाची लिंक, व्हिडिओची लिंक आणि कितव्या मिनिटाला माझे कोणते वाक्य येते याची यादी दिली. अशी सात वाक्ये मी वेळेसह लिहिली होती. काही दिवसांतच व्हिडिओ काढण्यात आला. अर्ज करण्यापूर्वी मी त्या व्हिडिओचा, त्याच्या तारखेचा आणि खालच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता. हे आधी करावे, कारण व्हिडिओ हटल्यावर दाखवायला काही उरत नाही.

अचलपूर, वकिली करणारा एक वाचक

वरुडच्या भाऊंच्या प्रकरणाला कलम ५७ सुद्धा लागू पडू शकते. लेखकाचे नाव लपवणे, किंवा त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा रीतीने मजकुराची मोडतोड करणे, याविरुद्ध लेखकाला या कलमाने स्वतंत्र हक्क दिला आहे, आणि हक्क दुसऱ्याला विकल्यावरही तो लेखकाकडेच राहतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. नोंदणी सक्तीची नसली तरी न्यायालयात ती उपयोगी पडते, म्हणून महत्त्वाच्या लेखनाची नोंदणी करून ठेवावी असे मी पक्षकारांना सांगतो.

चिखली तालुका, निवृत्त शिक्षिका

भुलाबाईची, म्हणजे मुलींच्या भुलाबाईच्या खेळातली, गाणी मी गावोगावच्या आजीबाईंकडून उतरवून घेतली. प्रत्येक गाण्याखाली त्यातल्या जुन्या शब्दांचे अर्थ आणि मला सांगितल्या गेलेल्या आठवणी लिहिल्या. एका चॅनेलने ते सगळे घेतले. गाण्यांवर माझा हक्क नाही, ती सर्व लेकीबाळींची आहेत, आणि तसा दावा मी कधी करणारही नाही. परंतु अर्थांची मांडणी आणि आठवणींचे शब्दांकन माझे होते, म्हणून तक्रारीत मी फक्त तेवढाच भाग दाखवला. माझ्या हस्ताक्षरातल्या, तारखा घातलेल्या दोन वह्या अजून जवळ आहेत. हा फरक न करता सगळेच माझे म्हटले असते, तर माझी बाजू लंगडी पडली असती आणि त्या आजीबाईंवरही अन्याय झाला असता.

लोणार

२०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्यावर मी लिहिले होते. व्हिडिओत तीच माहिती होती, परंतु वाक्ये त्यांची स्वतःची होती. वाईट वाटले, पण मी तक्रार केली नाही. वस्तुस्थितीवर आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो.

धारणी तालुका, आशा स्वयंसेविका

माझा अनुभव निराशेचा आहे. कुपोषणाच्या कामातले दिवस मी लिहिले आणि ते एका चॅनेलवर नाट्यमय संगीत घालून आले. माझ्या तक्रारीनंतर व्हिडिओ हटला, परंतु चॅनेलने प्रतिदावा केला, म्हणजे माझी तक्रार चुकीची असल्याचे यूट्यूबला कळवले. अशा वेळी न्यायालयात कार्यवाही सुरू केल्याचा पुरावा १० कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येऊ शकतो. नेटवर्कसाठी मला टेकडीवर जावे लागते. ती नोटीस मी वाचली तेव्हा सहा दिवस उलटले होते. व्हिडिओ परत आला. आता मी लेख प्रसिद्ध होताच त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करते, म्हणजे तारीख तिसऱ्याच ठिकाणी नोंदली जाते. शिवाय माझ्या आवाजात तोच लेख आधी ध्वनिमुद्रित करून ठेवते.

साकोली तालुका

झाडीपट्टीतल्या दंडार, खडी गंमत अशा लोककलांवरचा माझा लेख वाचून दाखवणारा मुलगा मला मंडईत भेटला. खाली "साभार" लिहिले म्हणजे झाले, असे त्याला मनापासून वाटत होते. मी त्याला शांतपणे सांगितले की साभार म्हणजे आभार मानणे. परवानगी ही आधी मागायची आणि लेखी घ्यायची असते. त्याने आधीचा व्हिडिओ स्वतःच काढला. मग मी त्याला एका कागदावर लिहून दिले, कोणता लेख, नाव सुरुवातीलाच घ्यायचे, एकही शब्द बदलायचा नाही, आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी मला ऐकवायचे. मागच्या आठवड्यात त्याने नवीन ध्वनिमुद्रण पाठवले आणि सोबत विचारले, "काका, खडी गंमत मधला 'ख' बरोबर आला का?"