मदत हवी आहे : नागपुरात एमएमएच्या (मिश्र मार्शल आर्ट्स, जाळीच्या पिंजऱ्यात होणाऱ्या लढती) पिंजऱ्याच्या जाळीला टेकून सराव कुठे करता येईल?

वय २३, वजन ६५ किलो, ६१.२ किलोच्या बँटमवेट गटात लढतो. ४ हौशी एमएमए लढती झाल्या, ३ जिंकल्या. हरलो ती जाळीपाशी. समोरच्याने माझी पाठ जाळीला टेकवून दोन्ही हात माझ्या काखेत घातले आणि अख्खी फेरी तिथेच दाबून ठेवलं. सुटायचं कसं, सुचलंच नाही.

आता व्यावसायिक लढतीबद्दल विचारणा झाली आहे. तिथे ३ नाही, ५ मिनिटांची फेरी. शिवाय एकदा व्यावसायिक झालं की हौशीत परतता येत नाही, म्हणून घाई करायची नाही.

महाल भागातल्या आखाड्यात तीन महिने कुस्ती केली. पकड सुधारली, पण तिथे भिंतच नाही. जिमच्या सिमेंटच्या भिंतीला गादी बांधून पाहिली, ती दर वेळी खाली सरकते. भारतीय लढवय्या भरत खंडारे कुस्तीतूनच २०१७ मध्ये यूएफसीत (एमएमएची मोठी अमेरिकी स्पर्धा) गेला, त्यामुळे आखाडा सोडणार नाही.

हिंगणा एमआयडीसीत संध्याकाळी ६ पर्यंत ड्युटी. महिन्याला २,००० रुपये जमतील. मुंबई-पुण्याला राहणं सध्या शक्य नाही.

नागपुरात किंवा वर्धा-अमरावतीपर्यंत खरा पिंजरा किंवा पक्की गादीची भिंत कुठे आहे का, आणि रविवारी बाहेरच्याला तिथे सराव करू देतात का?