रोजचं जगणं फोटोत येतच नाही, सगळं कॅलेंडर दिसतंय

अर्धीखिडकी
आमच्या बिल्डिंगमध्ये पाच-सहा भाषा बोलणारी घरं आहेत, धर्म वेगळे, कुणी कुठून आलेलं. दोन वर्षं जमेल तसे फोटो काढतेय. परवा सगळे एकत्र लावून बघितले आणि लाज वाटली, नुसते नटलेले लोक आणि सणाचे कपडे, पर्यटन खात्याचं कॅलेंडर छापल्यासारखं. जे रोज दिसतं, म्हणजे लिफ्ट बंद पडल्यावर दोन बायका एकमेकींची भाषा येत नसताना हातवारे करून पंधरा मिनिटं बोलतात, ते एकाही फोटोत नाही. कॅमेरा वर केला की सगळे सावधान. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) आणि लेन्स ३५ एमएम आहे, शिवाय मोबाईल. अजून एक म्हणजे सावळा आणि गोरा चेहरा एका फ्रेममध्ये आले की एकाची वाट लागतेच. काय चुकतंय?

जिनादोनदा
तू माणसं एकेकटी काढतेयस असं वाटतंय. एकट्या माणसाच्या फोटोत तो 'वेगळा' आहे हे दाखवायला कपड्यांशिवाय काही उरतच नाही ना, मग कॅलेंडर होणारच. दोघं घे, आणि दोघांच्या मधली जागा घे. तू लिफ्टचं लिहिलंस ना, त्यातले हात एवढाच फोटो आहे, चेहरे नसले तरी चालतील. क्रॉपवर ३५ ची लेन्स फुल फ्रेमवरच्या साधारण पन्नासच्या लेन्सएवढंच अरुंद दाखवते, अरुंद जिन्यात दोन माणसं मावत नाहीत आणि मागे सरकायला भिंत. तिथं सरळ मोबाईल काढ.
आणि माणसं नसलेले पण काढ की. खालच्या लेटरबॉक्सवरची नावं बघ, एक छापील, एक खडूनं, एकावर जुन्या भाडेकरूचं नाव खोडून वर दुसऱ्याच लिपीत नवीन. मला तरी असला एक फोटो दहा पोर्ट्रेटपेक्षा आवडेल.

मीटरवाला
चेहऱ्याचं सांगतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या टोनचं आहे असं धरून चालतं, त्यामुळे मागे पांढरी भिंत आली की ते एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) उतरवतं आणि सावळा चेहरा आधी बुडतो. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, नंतर जास्त सुधारता येते) काढ, गोरा चेहरा पांढराफटक होणार नाही इतपतच एक्स्पोजर वाढव, अंधारे भाग नंतर कॉम्प्युटरवर उजळ कर. त्याहून सोपं म्हणजे सावळ्या माणसाला खिडकीकडच्या बाजूला येऊ दे. आणि मोबाईलचा ब्युटी मोड आधी बंद कर, तो सगळ्यांना एकाच रंगाचं करून टाकतो.
हा घोळ जुना आहे. फिल्मच्या काळात लॅबवाले रंग जुळवायला फिल्म कंपनी कोडॅकची 'शर्ली कार्डं' (नमुन्याचे फोटो) वापरायचे, त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाईच. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एका कार्डावर यायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणजे चूक तुझ्या एकटीची नाही :)

पायरीवरचा
सगळं ठीक पण विचारलंस का त्यांना? मी आधी विचारतो. पोझ देतात, देऊ दे, ती दोन-तीन काढायची आणि तिथंच बसून राहायचं, दहा मिनिटांत कंटाळून आपापल्या कामाला लागतात, खरा फोटो तेव्हा. लहान मुलं असतील तर आईबापांना विचारल्याशिवाय नाहीच.

जिनादोनदा
@पायरीवरचा आधी विचारलं की क्षण गेला, मी काढून लगेच दाखवतो आणि नको म्हणाले तर समोरच डिलीट करतो.

पायरीवरचा
अनोळखी रस्त्यावर एकवेळ ठीक. शेजाऱ्यांना उद्याही तोंड दाखवायचंय राव.

जुनीनिगेटिव्ह
एक सावधगिरी. १९५५ ला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फोटोग्राफर एडवर्ड स्टायकननं 'द फॅमिली ऑफ मॅन' प्रदर्शन भरवलं, ६८ देशांतले ५०३ फोटो, जन्म, प्रेम, काम, मरण सगळीकडे सारखंच असं मांडलेलं. लोकांनी डोक्यावर घेतलं, पण फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थनं झोडपलं, कारण 'सगळे सारखेच' म्हणताना कोण कुठल्या परिस्थितीत जगतंय ते पुसलं जातं. तुमच्या लिफ्टपाशी पण बघा, ती बंद पडल्यावर सामान घेऊन जिना कोण चढतं आणि खाली उभं राहून तक्रार कोण करतं? फोटोखाली तारीख, मजला आणि काय चाललं होतं एवढं लिहीत जा, 'विविधतेत एकता' नको.

अर्धीखिडकी
@जुनीनिगेटिव्ह बाप रे, सामान चढवणारा एकच पोरगा असतो आणि माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही. उद्या विचारते त्याला. लेटरबॉक्स आत्ताच बघून आले, तिसऱ्यावर खरंच दोन लिप्या आहेत, खालची पेन्सिलनं.